‘कळलं नाही’ म्हणण्याची सोय

‘सिनेमा चांगला आहे हो, पण शेवटी सांगायचं काय आहे तेच कळलं नाही.’ हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकले आहे की हल्ली ते कानावर पडले की चित्रपटाआधी मी ते म्हणणाऱ्या माणसाचा विचार करते. हा कोण आहे? याला चित्रपट कळला असता तर याची कोणती अडचण झाली असती?

वैराग आणि भोवतालच्या गावांतून बचत गटांच्या, किशोरी मंडळांच्या बैठकांत आम्ही चित्रपट दाखवतो. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर, एक प्रोजेक्टर आणि वीज गेली नाही तर चित्रपट. दाखवण्याआधी गावातल्या कुणा ना कुणा प्रतिष्ठिताकडून सल्ला मिळतोच : ‘ताई, बायकांना समजेल असं काहीतरी साधं दाखवा. ते अवघड सिनेमे नकोत. गोंधळून जातात बिचाऱ्या.’ हा सल्ला देणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे लोक आहेत, शिकलेले आहेत, एरवी मुलींच्या शिक्षणावर भाषणे करणारेही आहेत. त्यांना मी आता इथे, लेखी, उत्तर देते आहे.

आधी एक गोष्ट मान्य करून टाकते. दुर्बोध चित्रपट असतात. नायिका दहा मिनिटे खिडकीबाहेर पाहते, मग नळाचे पाणी दाखवतात, मग पुन्हा खिडकी, आणि शहरातल्या वर्तमानपत्रात त्याला ‘प्रेक्षकाच्या प्रज्ञेला आवाहन’ असे म्हणतात. अशा चित्रपटांची वकिली मला करायची नाही. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला अडीच तास बसवून ठेवायचे तर दाखवणाऱ्याकडे सांगण्यासारखे काहीतरी असले पाहिजे. पण ज्या चित्रपटांबद्दल आमच्या भागात ‘कळला नाही’ असे म्हटले जाते ते या जातीचे नाहीत. त्यांत सगळे काही उजेडात, मराठीत, आपल्याच माळरानावर घडते.

आणि सगळ्यांना अगदी स्वच्छ कळलेले चित्रपट कोणते? १९९१ सालचा विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’ घ्या. अलका कुबल यांनी केलेली ती सोशीक सून गावोगावच्या बायकांनी पदर डोळ्याला लावून पाहिली. ‘बाई चली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून तो घेतलेला होता. म्हणजे राज्य बदलले, भाषा बदलली, तरी त्या गोष्टीला कुठे काही खटकले नाही. सून सोसते, सोसत राहते, आणि तिच्या सोसण्याची किंमत सगळ्यांना शेवटी, म्हणजे उपयोग संपल्यावर, कळते. बाहेर पडताना कुणी कुणाला विचारले नाही की बाबा रे, याचा अर्थ काय. कुणी म्हटले नाही की बायकांच्या मनावर परिणाम होईल. परिणाम तर तोच हवा होता! साधे, समजेल असे, ते हे. तेव्हा ‘साधे दाखवा’ हा सल्ला आम्ही कलेविषयीचा सल्ला म्हणून घेत नाही.

याच्या नऊ वर्षे आधी, १९८२ मध्ये, जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ आला होता. पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कादंबरी शांता निसळ यांची ‘बेघर’. समाजकार्याचे शिक्षण घेताना आम्हांला तो दाखवत. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातली, समाजकार्य शिकलेली बाई नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून एका महिलाश्रमाची अधीक्षक होते. तिथला भ्रष्टाचार, व्यवस्थापक मंडळाची ढोंगे, आश्रमातल्या बायकांची घुसमट, सगळे अंगावर घेते, हरते, राजीनामा देऊन परत येते. घरी नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते आणि हे तो तिला फार समंजसपणे सांगतो. सुलभा पुन्हा बाहेर पडते. आगगाडीत बसलेली स्मिता पाटील आपल्याला दिसते आणि चित्रपट संपतो.

या शेवटाने त्या वेळी पुष्कळांना कोड्यात टाकले, आणि आजही टाकतो. ती कुठे गेली? पुढे काय करणार? घर का सोडले, नवरा तर तिला ‘राहा’ म्हणत होता ना? आमच्या वर्गात मुलांचा प्रश्न हा शेवटचा असायचा. मुलीसुद्धा विचारायच्या, जरा चाचरत. मला त्या प्रश्नांपेक्षा न विचारलेला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. नवऱ्याने तसे का केले, हे कधी कुणाला ‘कळलं नाही’ असे झाले नाही. बायको दूर असल्यावर पुरुष काय करणार, हे प्रेक्षकाला न सांगता समजते. त्याच्यासाठी पटकथेत एक ओळ पुरते. बाईने दार ओढून घेतले की मात्र तिच्या प्रत्येक पावलाचा खुलासा लागतो, आणि तो पडद्यावर लिहून आला नाही तर चित्रपट दुर्बोध! सुमित्रा भावे आपल्याच क्षेत्रातल्या, समाजकार्य शिकवता शिकवता चित्रपटाकडे वळलेल्या. १९८५ मध्ये ‘बाई’ केला, पुढे सुनील सुकथनकरांबरोबर ‘दोघी’पासून ‘कासव’पर्यंत कितीतरी. त्यांच्या चित्रपटांनाही ‘छान आहे, पण जरा वेगळा आहे’ अशी पावती मिळत राहिली. ‘वेगळा’ हा ‘कळला नाही’चाच शिकलेल्या घरातला धाकटा भाऊ.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते. करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे. त्यांचा ‘फँड्री’ २०१४ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला. नावापासून लोक अडले. फँड्री म्हणजे कैकाडी भाषेत डुक्कर. आपल्या शेजारी, आपल्याच गावाच्या कडेला पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसे डुकराला काय म्हणतात हे आपल्याला माहीत नव्हते, हा त्या चित्रपटाचा अवघडपणा होता की आपला? जब्याचे घरचे लोक गावासमोर डुक्कर धरायला पळत असतात, शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते, ते जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटून जाते. त्या धावपळीला पडद्यावरचा गाव हसतो आणि प्रेक्षकातलेही हसतात. शेवटी जब्या दगड उचलून भिरकावतो, तो सरळ आपल्याकडे येतो आणि अंधार. ‘हा काय शेवट झाला?’ असे विचारणारे मला भेटले. दगड कुणाला मारला ते कळले नाही म्हणे. मी म्हटले, तुम्ही कुठे बसला होता? समोरच ना?

पण खरी गंमत, गंमत हा शब्द वाईट आहे, २०१६ मध्ये झाली. ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. आर्चीची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची. चित्रीकरण करमाळ्याच्या परिसरातले. बोली आमची, ऊस आमचा, विहीर आमची. माणसे ‘झिंगाट’ला चित्रपटगृहात उठून नाचली. मराठी चित्रपटाने आधी कधी पाहिला नव्हता एवढा पैसा त्याने मिळवला. पाटलाची मुलगी अर्चना आणि मासे धरणाऱ्या घरातला प्रशांत काळे. ती बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, त्याच्याकडे डोळे रोखून बघते. पळतात, हैदराबादला पोचतात, झोपडपट्टीत राहतात, कष्ट करतात, भांडतात, नोंदणी करून लग्न करतात, मूल होते. एके दिवशी ती आईला फोन करते. मग तिचा भाऊ नातलगांना घेऊन येतो, आईने पाठवलेल्या वस्तू घेऊन. आर्ची चहा करते. शेजारणीबरोबर गेलेले लेकरू परत येते तेव्हा दोघे मरून पडलेले. पडद्यावर आवाज नाही. लेकरू रडते ते आपल्याला ऐकू येत नाही. त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे दाराबाहेर उमटत जातात.

एवढे स्पष्ट दाखवल्यावर आमच्या भागात दोन अर्थ निघाले. एक : जातीच्या अभिमानापायी सख्ख्या बहिणीला मारले. दुसरा : पळून गेलेल्या पोरीचे असे होते. दुसरा अर्थ काढणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. पुष्कळ घरांतून मुलींना मुद्दाम नेऊन हा चित्रपट दाखवला गेला आणि परत येताना वाटेतच सांगितले गेले, ‘बघितलं ना?’ बाराखडी शिकवावी तसे. एका चित्रपटाचे दोन परस्परविरुद्ध अर्थ निघाल्यावर विचारवंत म्हणाले, दिग्दर्शकाने भूमिका घेतली नाही, मौन धरले, त्यामुळे गोंधळ झाला.

मला हे मान्य नाही. त्या मौनात गोंधळ नाही. कुणी मारले, कशाने मारले, चित्रपटात दिसते आहे. शेवटी कुणी न्यायाधीश किंवा कीर्तनकार येऊन ‘हे वाईट झाले हो’ असे म्हणत नाही, एवढेच. ते म्हणायचे काम त्याने आपल्यावर टाकले. ज्यांना ते म्हणायचे नव्हते त्यांनी मग खुनाचा अर्थ मेलेल्या मुलीत शोधला. मारणाऱ्याविषयी त्यांना प्रश्नच पडला नाही. ‘उंबरठा’ पाहून नवऱ्याविषयी पडला नव्हता तसाच.

एका महिला दिनाला एका कनिष्ठ महाविद्यालयाने आम्हांला ‘सैराट’ दाखवायला बोलावले. कुठल्या ते सांगत नाही. आदल्या दिवशी निरोप आला, चित्रपट दाखवा, पण हैदराबादला त्यांचे सगळे चांगले होते तिथवरच. शेवट नको, मुलींच्या मनावर वाईट परिणाम होतो. आम्ही बोलायला गेलो तर तिथल्याच दुसऱ्या एका गृहस्थांचे म्हणणे याच्या उलट. तीन तास कशाला वाया घालवायचे, फक्त शेवटची वीस मिनिटे दाखवा, म्हणजे पोरी भानावर येतील! एकाला शेवटाशिवाय चित्रपट हवा, दुसऱ्याला चित्रपटाशिवाय शेवट. दोघांनाही कात्री हवी होती, आणि दोघेही म्हणत होते की हा चित्रपट फार गोंधळाचा आहे. आम्ही तो तिथे दाखवला नाही. पंधरा दिवसांनी एका वस्तीवर पूर्ण दाखवला, त्याच महाविद्यालयात एसटीने जाणाऱ्या सात-आठ मुली त्यात होत्या.

त्या वस्तीवरच्या चर्चेबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ‘बायका गोंधळून जातात’ या विधानाचा निकाल तिथेच लागला.

पहिला प्रश्न आला तो त्या सामानाचा. ‘आवं ताई, ते सामान खरंच आईनं दिलं व्हतं का भावानं बाजारातनं घेतलं?’ मी हा चित्रपट चार-पाच वेळा पाहिलेला, समीक्षा वाचलेल्या, हा प्रश्न मला कुठे भेटला नव्हता. दुसरी म्हणाली, ‘आईनंच दिलं. पर कशासाठी निघालेत ते तिला ठावं नसंल.’ यावर एक वयस्क बाई, ज्या आमच्या बैठकीत एरवी तोंड उघडत नाहीत, म्हणाल्या, ‘ठावं नसाया काय झालं? घरातली गडी माणसं गाडी काढून निघाली, कुणी कुणाशी बोलंना, आन् आईला कळंना व्हय? कळतंय सगळं. बोलता येत न्हाई.’

मग बराच वेळ त्यावरच चालले. आईला माहीत असेल तर तिने वस्तू का दिल्या? माहीत नसेल तर घरात तिची किंमत किती? लेकीचा फोन आला हे तिने कुणाला सांगितले की फोन कुणी पाहिला? एक मुलगी म्हणाली, आर्चीने फोन करायलाच नको होता. लगेच दुसरी, ‘मग काय आईशी बोलायचंच न्हाई का जल्मभर?’ हा वाद मला कुठल्याही प्रशिक्षणात इतका नेमका मांडता आला नसता. घर सोडून लग्न केलेल्या जोडप्यांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या त्यांना पहिली सूचना हीच देतात की घरी फोन करू नका, ठिकाण सांगू नका. आणि बहुतेक वेळा ती सूचना मोडते ती आईसाठी. भावाला हे माहीत असते. बहिणीच्या मायेचा रस्ता धरूनच तो तिच्या दारापर्यंत पोचतो. पुरुषसत्ता म्हणजे काय हे आम्ही फळ्यावर चौकोन काढून शिकवतो. इथे बायकांनी ते एका पिशवीवरून काढले.

दुसरी गोष्ट आमच्याच बाजूने काढली, कारण ती कुणी काढत नाही. हैदराबादला परश्या आर्चीवर संशय घेतो आणि तिला मारतो. ती निघून जाते, मग परत येते. ‘हे आठवतं का?’ असे विचारले तर काहींना आठवतच नव्हते. एक म्हणाली, ‘मारलं खरं, पर नंतर चांगला निघाला की.’ या ठिकाणी मात्र माझी पंचाईत झाली. शेवटच्या रक्ताचा अर्थ ज्यांनी इतका बारकाईने लावला त्यांना या मारण्याचा अर्थ लावावासा वाटला नाही. त्यांना त्यात न कळण्यासारखे काही नव्हतेच, रोजचेच होते. मंजुळेंनी ते दाखवले हे बरे केले. प्रेमकथेचा नायक असा दाखवायची मराठीत रीत नाही. पण संशयाने उठलेला परश्याचा हात आणि अभिमानाने उठलेला भावाचा हात यांत काही नाते आहे का, हा प्रश्न आम्हांला तीन बैठका पुरला. अजून संपलेला नाही. काही जणी म्हणतात, ताई, तुम्ही उगाच त्याला भावाच्या पंगतीत बसवता. मी बसवत नाही. पण पंगत एकाच मांडवात आहे असे मला वाटते.

तिसरा प्रश्न लेकराचा. ‘त्या लेकराचं पुढं काय झालं असंल?’ समीक्षक ज्याला प्रतीक म्हणाले त्याला या बायका लेकरू म्हणत होत्या. त्याला रात्री दूध कुणी पाजले, शेजारणीने ठेवून घेतले का, पोलिसांनी कुठे नेले. मी कायदा सांगितला : २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे असे मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे हजर करावे लागते, आणि मुलाचे हित पाहून समिती ठरवते. ‘आन् समितीनं आजोबाकडं दिलं तर?’ कुठल्या आजोबाकडे? एका आजोबाच्या मुलाने खून केलेला, दुसरा आजोबा जातपंचायतीपुढे आणि गावापुढे आधीच मोडून पडलेला. ‘पाटलाच्या वाड्यात काळे आडनावाचं पोरगं कोण ठेवंल?’ ‘आन् ठेवलं तर ते मोठं झाल्यावर काय करंल?’ रात्रीचे साडेदहा वाजले होते. पहाटे दुधाची गाडी येते म्हणून बायका उठल्या, नाहीतर उठल्या नसत्या. मला सांगा, यात गोंधळलेले कोण होते?

चित्रपट स्पष्ट हवा असा आग्रह धरणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये ‘सैराट’चे हिंदी रूप आले, ‘धडक’. राजस्थानचे महाल, स्वच्छ कपडे, गोरी माणसे. गाणी तीच. त्यात जात जवळजवळ नाहीशी झाली; मुलगा कोण, मुलगी कोण, बापाला नेमका राग कसला, हे एखाद्या वाक्यात उरकले. शेवटी मुलीला जिवंत ठेवून नवरा आणि मूल मारले आणि मुलीचा आक्रोश दाखवला, म्हणजे प्रेक्षकाने कुठे रडायचे ते चुकू नये. तो पाहून ‘कळला नाही’ असे कुणी म्हटल्याचे मी ऐकले नाही. माझ्या मते या दोहोंत दुर्बोध चित्रपट तोच. एका जातीने दुसऱ्या जातीविरुद्ध केलेला खून त्याने श्रीमंत बापाच्या रागावर आणून ठेवला. कारणच काढून घेतले तर मग त्या दोन प्रेतांचा अर्थ काय राहतो? पण ती दुर्बोधता कुणाला टोचत नाही, म्हणून तिला सुबोध म्हणायचे.

हा सगळा वाद पडद्यावरचाच असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. वैरागहून बार्शी, भूम करत वर गेले की जामखेड तालुक्यातले खर्डा लागते. तिथे २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो एवढ्या संशयावरून मारहाण करून मारले गेले. दिवसाढवळ्या, शाळेच्या परिसरातून त्याला मारत नेले असे तेव्हा सांगणारे लोक होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. गावाला काही दिसले नव्हते, काही ऐकू आले नव्हते. ‘सैराट’चा शेवट आवाजाशिवाय का, असे ज्यांना कोडे पडते त्यांनी या खटल्याकडे पाहावे. मुका शेवट दिग्दर्शकाने मनाने रचलेला नाही. मारणारे बोलत नाहीत, पाहणारे बोलत नाहीत, आणि जे बोलतात त्यांचे ऐकू येत नाही.

आणि हे ‘कळलं नाही’ शासकीय कचेऱ्यांतही पोचलेले असते. सज्ञान मुलगी स्वतःच्या मनाने गेली की पहिली तक्रार अपहरणाची होते. ‘सैराट’मध्ये तर परश्या आणि मित्रांवर सामूहिक बलात्काराचा खोटा गुन्हा लावायला निघतात आणि आर्ची ठाण्यात जाऊन ते कागद फाडते. पडद्यावर त्या प्रसंगाला टाळ्या पडतात. प्रत्यक्षात अठरा पूर्ण झालेली मुलगी ठाण्यात उभी राहून ‘मी माझ्या मनानं आले’ असे सांगते तेव्हा तिला चार वेळा विचारतात, ‘नीट आठव, काय म्हणायचंय तुला?’ तिचे म्हणणे समोरच्याला मराठीत कळत नाही. २७ मार्च २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यातल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की दोन सज्ञान व्यक्तींच्या लग्नाला कुटुंबाची, जातीची वा पंचायतीची संमती लागत नाही. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारा, जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष आणि चोवीस तासांची मदतवाहिनी करावी असेही आदेश दिले. निकाल स्पष्ट भाषेत आहे, त्याचा शेवटही खुला नाही. तरी तो किती ठाण्यांत ‘कळला’ आहे हे आमच्यासारखीला विचारा.

दुसरा अर्थ काढणाऱ्या आयांविषयी मात्र मी एका ओळीत निकाल देणार नाही. ‘बघितलं ना?’ असे मुलीला म्हणणारी आई तिला वाचवायलाच पाहते. गाव कसे आहे हे तिला आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण वाचवण्याचा तिला ठाऊक असलेला मार्ग एकच, लग्न उरकून टाकणे. आपल्या राज्यात वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी २१.९ टक्के बायकांची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितले, आणि आपला जिल्हा या सरासरीच्या बराच वर आहे. परश्या भेटेल या भीतीने कितीतरी आर्च्या अकरावीतून बोहल्यावर चढल्या आहेत. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढला नाही. काढला तर तो सगळ्यांना कळेल, कारण त्यात रक्त नसेल आणि शेवटी वरात असेल.

समाजकार्यातल्या आमच्या मंडळींचेही थोडे चुकते. आम्हांला प्रत्येक चित्रपटातून ‘संदेश’ हवा असतो. प्रकल्पाच्या अहवालात एक रकाना असतो, ‘काय शिकलात?’, आणि तो भरायचा असतो. त्यामुळे ज्याचा संदेश एका ओळीत लिहिता येत नाही तो चित्रपट आम्हांलाच नको होतो. मला वाटते की तो रकाना कोरा सोडावा, किंवा त्यात बायकांचे प्रश्न जसेच्या तसे लिहावेत. त्या वस्तीच्या अहवालात मी ‘सामान आईने दिले का?’ एवढेच लिहिले होते. वरून विचारणा आली. मी तेच पुन्हा लिहून पाठवले.

ज्या मैत्रिणींना आपल्या गावात असे चित्रपट दाखवायचे असतील त्यांच्यासाठी एक-दोन अनुभवाच्या गोष्टी. चित्रपट कापू नका, कुणी कितीही सांगो. त्याच रात्री चर्चा उरकण्याची घाई करू नका. खरे प्रश्न दुसऱ्या दिवशी खुरपताना, पाण्यावर, एसटीच्या थांब्यावर येतात. आई आणि मुलगी एकाच बैठकीत असतील तर एकदा दोघींना वेगवेगळे बसवूनही बोला. पुरुष भिंतीआडून बघत असतील तर त्यांना आत बोलवा, पण पहिला प्रश्न त्यांना विचारू देऊ नका. आणि जिल्हा पोलीस कार्यालयात तो विशेष कक्ष कुठे बसतो, त्याचा दूरध्वनी लागतो का, रात्री कोण उचलतो, हे चित्रपट लावण्याआधी स्वतः जाऊन पाहून ठेवा. कुणीतरी मुलगी हे विचारणारच, बहुधा सगळ्या उठून गेल्यावर, चपला शोधता शोधता.